महाराष्ट्रातील सुप्रजननवाद

सुप्रजननवाद ही मानवी वंशाची आनुवंशिक प्रत सुधारण्यासाठी कोणी संतती जन्मास घालावी व कोणी घालू नये हे समाजाने किंवा शासनाने ठरवावे, असे मानणारी विचारसरणी होय. तिच्या शास्त्रीय म्हणविल्या गेलेल्या बाजूस मराठीत सुप्रजननशास्त्र, सुप्रजाजननशास्त्र किंवा सुसंततिशास्त्र अशी नावे आहेत. महाराष्ट्रात हा विचार १९२० च्या दशकात संततिनियमनाच्या चळवळीबरोबर आला. पुढील दोन दशके तो सुशिक्षित वर्गात आदराने चर्चिला गेला आणि स्वातंत्र्यापूर्वीच राष्ट्रीय नियोजनाच्या कागदपत्रांत उतरला. तथापि अमेरिकेतील अनेक राज्ये, जर्मनी किंवा स्वीडन येथे झाला तसा सुप्रजननाचा कायदा महाराष्ट्रात कधीच अमलात आला नाही. सक्तीच्या नसबंदीच्या कायद्याच्या उंबरठ्यापर्यंत राज्य एकदाच, १९७६ मध्ये, पोहोचले. तो प्रयत्न वंशाच्या गुणवत्तेच्या नव्हे तर लोकसंख्येच्या नावाने झाला होता. त्यामुळे महाराष्ट्रातील सुप्रजननवादाचा इतिहास हा बव्हंशी पुस्तके, शिफारशी आणि संमतीविना राहिलेले एक विधेयक यांचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी

सुप्रजननाची आधुनिक कल्पना व तिचे इंग्रजी नाव फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश संशोधकाने १८८३ मध्ये रूढ केले. गाल्टन हा चार्ल्स डार्विन यांचा नातलग होता. पशुपैदास करणारा जसा निवडक जनावरांची वीण वाढवतो, तसे माणसांच्या बाबतीत का करू नये, हा त्याचा मूळ प्रश्न होता. या विचाराला पुढे दोन शाखा फुटल्या. ‘योग्य’ मानलेल्यांनी अधिक मुले जन्मास घालावीत असे सांगणारी एक, आणि ‘अयोग्य’ मानलेल्यांना संतती होऊ देऊ नये असे सांगणारी दुसरी. कायद्यात उतरली ती मुख्यतः दुसरी. अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ मध्ये सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. १९२७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्यांना मान्यता दिली. नाझी राजवटीने १९३३ मध्ये केलेल्या कायद्याखाली जर्मनीत सुमारे ४ लाख माणसांचे निर्बीजीकरण झाले. स्वीडनसारख्या लोकशाही देशातही अशी शस्त्रक्रिया झालेल्यांची संख्या ६० हजारांच्या घरात जाते, आणि तेथील कायदा १९७० च्या दशकापर्यंत टिकून होता.

ब्रिटिश हिंदुस्थानात आनुवंशिकतेच्या कल्पनेचा प्रशासकीय वापर याआधीच सुरू झाला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. मुंबई इलाख्यात सोलापूरसह काही ठिकाणी या जमातींसाठी तारेच्या कुंपणातील वसाहती उभ्या राहिल्या. सोलापुरात आजही त्या भागास लोक ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखतात. मात्र या वसाहतींचा घोषित हेतू शिक्षण व कामधंद्यातून ‘सुधारणा’ हा होता. स्वभाव रक्तातून येतो असे कायदा मानत होता आणि तो शिस्तीने बदलतो असे प्रशासन मानत होते. ही विसंगती कायदा रद्द होईपर्यंत कायम राहिली. संततीवर बंधन घालण्याची तरतूद त्या कायद्यात नव्हती.

मुंबई इलाख्यातील प्रसार

हिंदुस्थानातील पहिली सुप्रजनन संस्था १९२१ मध्ये लाहोर येथे निघाली. मुंबई इलाख्यात या चळवळीची केंद्रे दोन होती, मुंबई आणि सोलापूर. १९२९ मध्ये सोलापुरात सुप्रजननशिक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली. तिच्यामागील प्रमुख व्यक्ती डॉ. ए. पी. पिल्लई हे होते. पिल्लई यांनी १९३४ मध्ये मुंबईतून ‘मॅरेज हायजीन’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. त्यात संततिनियमनाची साधने, लैंगिक आरोग्य आणि सुप्रजनन हे विषय एकाच पंक्तीला बसत आणि युरोप-अमेरिकेतील नामवंत लेखकही त्यात लिहीत. गिरण्यांच्या सोलापुरात कामगारवस्तीतील बाळंतपणे, बालमृत्यू आणि दारिद्र्य यांचे प्रश्न उघड दिसत होते. त्या प्रश्नांवर काम करणाऱ्या डॉक्टरांना सुप्रजननाची भाषा सोयीची वाटली, कारण तिच्यामुळे अश्लील समजल्या जाणाऱ्या विषयाला शास्त्राचे कवच मिळत असे.

मराठी वाचकांना या विषयाशी जोडणारे सर्वांत परिचित नाव म्हणजे कादंबरीकार ना. सी. फडके (१८९४–१९७८). कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या फडके यांनी १९२७ मध्ये हिंदुस्थानातील लैंगिक प्रश्नावर एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतात सुप्रजननाची चळवळ उभी राहावी अशी मागणी त्याच्या उपशीर्षकातच होती. अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना त्याला लाभली. बालविवाह, शारीरिक दुर्बलता, विवाहाची निवड आणि संततीची संख्या या सर्वांचा विचार फडके यांनी एका सूत्रात केला. प्राचीन आर्यांच्या विवाहनियमांत सुप्रजननाची दृष्टी होती, पुढे ती लोप पावली, आणि आता आधुनिक शास्त्राच्या आधारे तिचे पुनरुज्जीवन करावयाचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. परदेशी विचाराला पूर्वजांच्या खात्यावर जमा करण्याची ही पद्धत त्या काळातील अनेक सुधारकांनी वापरलेली दिसते. फडके यांच्या कादंबऱ्यांचा वाचकवर्ग अफाट होता, पण हा ग्रंथ इंग्रजीत असल्यामुळे त्या वर्गापर्यंत फारसा पोहोचला नाही. आजच्या वाचकाला तो बहुधा ठाऊकही नसतो.

रघुनाथ धोंडो कर्वे यांची भूमिका

र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांना अनेकदा फडके व पिल्लई यांच्या मालिकेत बसविले जाते. ते अर्धेच खरे आहे. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले, १९२३ मध्ये याच विषयावर मराठी पुस्तक लिहिले आणि १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील नोकरी गमावली. जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पत्नी मालतीबाई यांच्या साहाय्याने चालवीत राहिले. त्यांच्या लेखनाचा रोख वंशसुधारणेपेक्षा व्यक्तीकडे होता. स्त्रीला किती मुले हवीत हे तिने ठरवावे, शरीरसुख हे पाप नाही, आणि धर्माने या बाबतीत ढवळाढवळ करू नये, ही त्यांची मुख्य सूत्रे होत.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सुप्रजननवाद्यांना संततिनियमनाच्या साधनांविषयी एक जुनी धास्ती होती. ही साधने प्रथम सुशिक्षित व सुस्थितीतील लोक वापरणार, त्यांची मुले कमी होणार आणि ‘हीन’ समजल्या गेलेल्यांची वाढत जाणार, असे त्यांना वाटे. त्यामुळे सुशिक्षितांनी अधिक मुले जन्मास घालावीत असा त्यांचा आग्रह असे. कर्वे दांपत्याने स्वतः मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता. सुप्रजननवादाच्या काटेकोर हिशेबात हे वंशाचे नुकसानच ठरले असते!

समाजस्वास्थ्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटल्यात कर्वे यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरे हा त्या खटल्याचा विषय होता. खटला हरला गेला.

वंश, जात आणि मोजमापे

सुप्रजननवादाला ‘उच्च’ आणि ‘हीन’ यांची मोजता येईल अशी कसोटी लागते. युरोपात ती वंशामध्ये शोधली गेली. महाराष्ट्रात हा प्रश्न जातीपाशी येऊन थांबणे अटळ होते, आणि येथील तीन अभ्यासकांनी त्या कसोटीलाच वेगवेगळ्या बाजूंनी तडा दिला.

पहिल्या इरावती कर्वे (१९०५–१९७०). महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या स्नुषा व र. धों. कर्वे यांच्या भावजय. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या उच्च शिक्षणासाठी बर्लिनला गेल्या. तेथील दालेम भागात १९२७ मध्ये कैसर विल्हेल्म संस्थेची मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजनन यांना वाहिलेली शाखा सुरू झाली होती. तिचे संचालक ऑयगेन फिशर हे इरावतीबाईंचे मार्गदर्शक होते. फिशर यांनी जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतील मिश्र वंशाच्या लोकांवर केलेला अभ्यास पुढे वंशशुद्धीच्या राजकारणाला उपयोगी पडला, आणि नाझी काळात ही संस्था त्या राजवटीच्या सेवेत गेली. इरावतीबाईंना दिलेला विषय मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा होता. श्वेतवर्णीयांच्या मेंदूची, म्हणून कवटीची, घडण वेगळी असते आणि त्यांची तर्कशक्ती त्यामुळे अधिक असते, या गृहीताची ती चाचणी होती. वेगवेगळ्या प्रदेशांतील कवट्या मोजून त्यांनी निष्कर्ष काढला की या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. मार्गदर्शकाच्या आवडत्या गृहीताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी त्याच संस्थेत मांडला आणि पदवी मिळविली. पुढे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात त्यांनी महाराष्ट्रातील जातिसमूहांची शारीरिक मोजमापे घेण्याचे काम चालूच ठेवले. मोजपट्टी त्यांनी टाकून दिली नाही. मोजमापावरून माणसांची प्रतवारी लावण्याचे मात्र त्यांनी नाकारले.

दुसरे मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये. नाकाची रुंदी व लांबी यांच्या प्रमाणावरून जातींची उतरंड वंशाधारित असल्याचे सांगणाऱ्या हर्बर्ट रिस्ले यांच्या सिद्धान्ताची त्यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात चिकित्सा केली. उत्तरेकडील काही भाग सोडल्यास मोजमापे आणि सामाजिक दर्जा यांचा मेळ बसत नाही, असे त्यांनी दाखविले.

तिसरे आणि सर्वांत परखड उत्तर आंबेडकरांचे आहे. १९३६ मधील ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या भाषणग्रंथात त्यांनी जातिव्यवस्था ही रक्तशुद्धी राखणारी प्राचीन सुप्रजनन योजना आहे, या दाव्याचा समाचार घेतला. त्यांची मांडणी अशी : भारतात शुद्ध वंश उरलेलाच नाही, सर्व जातींत सरमिसळ झालेली आहे. जातिभेद वंशावर आधारलेला असता तर एकाच वंशाच्या पोटजातींत बेटीबंदी असण्याचे कारण नव्हते. रोटीबंदीला तर सुप्रजननाच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही, कारण एकत्र जेवल्याने रक्त बदलत नाही. आणि ही योजना खरोखरच यशस्वी झाली असती, तर तिच्यातून निपजलेला समाज बलवान दिसला असता. प्रत्यक्षात त्यातील बहुसंख्य लोक सैन्यभरतीला अपात्र ठरतात. दाव्याला त्याच्याच कसोटीवर तपासून नापास करणारा हा युक्तिवाद महाराष्ट्रातील सुप्रजननवादाच्या चर्चेत निर्णायक मानावा लागतो. ‘योग्य’ कोण हे ठरविण्याचा प्रश्न निघाला की तो जातीचा प्रश्न होतो, हे त्यानंतर झाकून ठेवणे कठीण झाले.

आंबेडकरांचा संततिनियमनाला विरोध नव्हता, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला. त्यामागील भाषण आंबेडकरांचे होते. स्त्रियांचे आरोग्य, वारंवारच्या बाळंतपणांतून येणारा मृत्यू आणि दारिद्र्य यांवर त्याचा भर होता. ठराव फेटाळला गेला.

नियोजन समितीची शिफारस

१९३८ मध्ये काँग्रेसने जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. समितीचे कार्यालय मुंबईत होते आणि के. टी. शाह हे तिचे सचिव होते. लोकसंख्येच्या उपसमितीचे अध्यक्ष राधाकमल मुखर्जी होते. स्त्रियांच्या स्थानाविषयीच्या उपसमितीच्या अध्यक्षा लक्ष्मीबाई राजवाडे होत्या. समितीने संततिनियमनाला पाठिंबा दिलाच, शिवाय सुप्रजननाचा कार्यक्रमही सुचविला. त्यात वेड किंवा अपस्मार यांसारखे संक्रमणीय मानले गेलेले गंभीर विकार असणाऱ्यांच्या निर्बीजीकरणाचा समावेश होता. पुढील पिढीकडे जाणारा आजार या अर्थाने ‘संक्रमणीय’ हा शब्द तेथे आला आहे.

या शिफारशीचे पुढे काहीच झाले नाही. महायुद्ध, नेत्यांचा तुरुंगवास आणि फाळणी यांत समितीचे अहवाल मागे पडले. १९४५ नंतर नाझी राजवटीची कृत्ये जगापुढे आली, आणि ‘सुप्रजनन’ हा शब्द उच्चारण्यासही लोक कचरू लागले. नोव्हेंबर १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत नियोजित पालकत्वासाठी जागतिक महासंघ स्थापन झाला. त्या व्यासपीठावर सँगर यांच्यासह जुन्या सुप्रजनन चळवळीतील मंडळी उपस्थित होती, पण भाषा बदललेली होती. वंशाच्या जागी लोकसंख्या आली. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद झाली, ती या नव्या भाषेत.

१९७६ चे विधेयक

आणीबाणीच्या काळात, १६ एप्रिल १९७६ रोजी, केंद्रीय आरोग्यमंत्री करण सिंह यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले. सक्तीच्या नसबंदीचा केंद्रीय कायदा करण्याचे त्यात टाळले होते. एखाद्या राज्याला असा कायदा करावासा वाटल्यास केंद्र आड येणार नाही, असे मात्र सूचित केले होते. ही मोकळीक प्रत्यक्ष वापरणारे राज्य महाराष्ट्र ठरले. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारे विधेयक १९७६ मध्ये राज्य विधिमंडळाने संमत केले. तीन हयात मुले झाल्यावर नसबंदी सक्तीची करणे आणि नकार देणाऱ्यास तुरुंगवासाची शिक्षा देणे हा त्याचा गाभा होता. त्यानंतर ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेले.

राज्यघटनेनुसार राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलेल्या विधेयकावर निर्णय देण्यास कालमर्यादा घातलेली नाही. विधेयक तेथेच अडकून राहिले. जानेवारी १९७७ मध्ये लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या, मार्चमध्ये सत्तांतर झाले, आणि संमतीचा विषय संपला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केलेला हा कायदा एक दिवसही लागू झाला नाही.

कायद्याविना जे झाले ते थोडे नव्हते. १९७६–७७ या वर्षात देशभरात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्राचा आकडा आठ लाखांहून अधिक होता आणि तो राज्याला दिलेल्या उद्दिष्टाच्या बराच पुढे गेला होता. जानेवारी १९७६ मध्ये, म्हणजे विधेयकाच्याही आधी, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे बाजारासाठी आलेल्या शेतकऱ्यांना पकडून शस्त्रक्रियेसाठी नेल्याच्या घटना घडल्या. उद्दिष्ट ठरलेले होते; माणूस अविवाहित आहे की वृद्ध, हे पाहण्यास कोणी थांबत नव्हते.

या मोहिमेला सुप्रजननवाद म्हणावे का, याविषयी मतभेद आहेत. विधेयकात बुद्धी, रोग, जात किंवा वंश यांचा उल्लेख नव्हता. कोणालाही चौथे मूल नको, एवढेच ते सांगत होते. या अर्थाने ते संख्येचे धोरण होते, गुणवत्तेचे नव्हे. दुसऱ्या बाजूने पाहता, सक्तीचा भार कोणावर पडला हे महत्त्वाचे ठरते. सरकारी दवाखाना, शिधापत्रिका, कर्ज किंवा झोपडीची जागा यांसाठी शासनावर अवलंबून असणाऱ्यांना नकार देणे कठीण होते. नियम सर्वांसाठी एक असला तरी शल्यक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचणारे बहुतांशी गरीब होते.

न घडलेल्या इतिहासाचा प्रश्न

मराठी वाचकांना पर्यायी इतिहासाची कल्पना प्रामुख्याने जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतून परिचित आहे. तेथे एका लढाईचा निकाल बदलतो आणि पुढचा सारा इतिहास वेगळा होतो. महाराष्ट्रातील सुप्रजननवादाला असे दोन फाटे होते. नियोजन समितीची शिफारस कायद्यात उतरणे हा एक, आणि १९७६ च्या विधेयकाला संमती मिळणे हा दुसरा.

पहिल्या फाट्यावर कायदा झाला असता तर तो कोणावर चालला असता, याचा अंदाज तत्कालीन संस्थांवरून येतो. अमेरिकेत निर्बीजीकरणाचे कायदे मुख्यतः मनोरुग्णालये व मतिमंदांच्या संस्था यांच्या भिंतींआड अमलात आले, कारण तेथे माणसे आधीच नोंदलेली व ताब्यात होती. मुंबई इलाख्यात अशी ठिकाणे मोजकी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेले ठाण्याचे मनोरुग्णालय त्यांपैकी मोठे. १९१२ च्या वेडेपणाविषयीच्या कायद्याखाली तेथे रुग्ण न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाने दाखल होत. त्या कायद्यात कोंडून ठेवण्याची तरतूद होती, निर्बीजीकरणाची नव्हती. कायदा झाला असता तर त्याचे पहिले बळी ठाणे आणि येरवडा येथील रुग्ण ठरले असते. रुग्णालयाबाहेरच्या, घरात किंवा गावात सांभाळल्या जाणाऱ्या फार मोठ्या संख्येपर्यंत तो पोहोचण्याची यंत्रणा शासनापाशी नव्हती.

दुसऱ्या फाट्यावर अडचण वेगळी होती. तीन मुलांचा नियम लावण्यासाठी प्रत्येक दांपत्याला किती मुले हयात आहेत याची खात्रीशीर नोंद लागते. १९७० च्या दशकातील ग्रामीण महाराष्ट्रात जन्मनोंदणी अपुरी होती. नोंदीअभावी अंमलबजावणी तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक आणि पोलीस यांच्या सांगण्यावर चालली असती. बार्शीत जे कायद्याशिवाय झाले ते कायद्याने झाले असते, आणि पीडिताला न्यायालयात जाण्याचा मार्ग आणखी अरुंद झाला असता. आणीबाणी उठल्यावर देशातील शस्त्रक्रियांची संख्या १९७७–७८ मध्ये साडेनऊ लाखांच्या आसपास घसरली आणि ‘कुटुंबनियोजन’ खात्याचे नाव ‘कुटुंबकल्याण’ झाले. संमती मिळालेला कायदा रद्द करण्यासाठी मात्र नव्या विधिमंडळाला पुढाकार घ्यावा लागला असता.

शास्त्रीय दृष्टीनेही सुप्रजननाचे गणित जुळत नाही, हे १९१० च्या दशकातच ठाऊक झाले होते. एखादा अप्रभावी जनुकामुळे होणारा विकार दर १०,००० माणसांत एकाला होत असेल, तर त्या जनुकाचे वाहक सुमारे ५० माणसांत एक असतात. ते स्वतः निरोगी असतात. सर्व रुग्णांचे पिढ्यान् पिढ्या निर्बीजीकरण केले तरी त्या जनुकाचे प्रमाण निम्म्यावर येण्यास १०० पिढ्या, म्हणजे साधारण अडीच हजार वर्षे, लागतात. जनुके बव्हंशी निरोगी माणसांतून वाहत असल्यामुळे आजाऱ्यांना लक्ष्य करून काही साधत नाही. ज्यांना ‘हीन’ मानले जाई ती बहुतेक लक्षणे तर कुपोषण, जंतुसंसर्ग आणि निरक्षरता यांची होती.

स्वातंत्र्योत्तर कायद्यांतील खुणा

सुप्रजननाचा स्वतंत्र कायदा झाला नाही, तरी त्या विचाराचे अंश इतर कायद्यांत सापडतात. हिंदू विवाह कायद्याच्या विवाहविषयक अटींत १९७६ च्या दुरुस्तीने, विवाहास व संततीस अपात्र ठरविणारा मनोविकार तसेच वेड किंवा अपस्मार यांचे वारंवार येणारे झटके यांचा समावेश झाला. नियोजन समितीच्या यादीतील वेड आणि अपस्मार ही जोडी येथे पुन्हा भेटते. अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्ये वगळण्यात आला. शांतीलाल शाह समितीच्या अहवालानंतर झालेल्या १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात गर्भातील गंभीर व्यंग हे गर्भपाताचे एक कारण म्हणून मान्य झाले. येथे निर्णय स्त्रीचा असतो, शासनाचा नसतो, हा मूलभूत फरक आहे. तथापि कोणते व्यंग ‘गंभीर’ हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

गर्भजल परीक्षेचा वापर व्यंग शोधण्यापेक्षा मुलीचा गर्भ ओळखून काढून टाकण्यासाठी होऊ लागला, तेव्हा मुंबईतील स्त्रीसंघटना व आरोग्य कार्यकर्ते यांच्या आंदोलनातून महाराष्ट्राने १९८८ मध्ये त्यावर नियंत्रण आणणारा कायदा केला. असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य होते. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. कोणतीही शासकीय सक्ती नसताना असंख्य कुटुंबांनी आपापल्या घरात केलेली ही निवड वंशसुधारणेच्या कोणत्याही जुन्या योजनेपेक्षा व्यापक ठरली.

१९९४ हेच वर्ष आणखी एका घटनेमुळे लक्षात राहिले. फेब्रुवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात, शिरूर येथील शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींवर गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मासिक पाळीतील स्वच्छता या मुलींना सांभाळता येत नाही, हे कारण देण्यात आले. स्त्रीसंघटना व डॉक्टरांच्या एका गटाने विरोध केल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मुलींची संमती कोणी घ्यावयाची, आणि पालक किंवा संस्था ती त्यांच्या वतीने देऊ शकतात का, हा वादाचा मुद्दा होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संमतीविना वंध्यत्व आणणारी वैद्यकीय प्रक्रिया निषिद्ध केली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकारावरील उपचार म्हणून निर्बीजीकरण करण्यास मनाई केली.

ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसरातील सद्यःस्थिती

संख्येचे धोरण महाराष्ट्रात मुलांच्या संख्येच्या अटीच्या रूपाने टिकून आहे. दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यास ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांची निवडणूक लढविता येत नाही. महानगरपालिकांनाही अशीच अट लागू असल्याने ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या उमेदवाराला अर्जासोबत अपत्यांची संख्या जाहीर करावी लागते. आमदार किंवा खासदार होण्यास मात्र अशी अट नाही. २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत येणाऱ्यांकडूनही लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन घेतले जाते. हरियाणातील अशाच अटीला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरविले. अटीमुळे तिसरे अपत्य लपविणे, दत्तक देणे किंवा पत्नीला सोडून देणे असे प्रकार घडतात, असा आक्षेप स्त्रीसंघटना घेत आल्या आहेत.

याच पट्ट्यात आनुवंशिकतेच्या आधुनिक वैद्यकाचे एक निराळे उदाहरण आहे. कल्याणला लागून असलेल्या उल्हासनगरात फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची मोठी वसाहत झाली. सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त आढळते. आई आणि वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि अशा मुलाला जन्मभर ठरावीक काळाने रक्त द्यावे लागते. त्यामुळे विवाहापूर्वी किंवा गर्भारपणाच्या सुरुवातीस रक्तचाचणी करून घेण्याचा प्रचार या समाजात केला जातो. वाहक असण्यावरून कोणालाही विवाह नाकारला जात नाही. दोघे वाहक असतील तर पुढचा निर्णय समुपदेशनानंतर त्या दांपत्याने घ्यावयाचा असतो. प्रत्यक्षात वाहक ठरलेल्या मुलीचे लग्न जमण्यास अडचण येऊ नये म्हणून घरचे चाचणीचा निकाल लपवितात, ही समुपदेशकांपुढील नेहमीची अडचण आहे. म्हणून दोघांची चाचणी एकाच वेळी करावी आणि निकाल फक्त त्या दोघांनाच सांगावा, असा आग्रह धरला जातो.